शुक्रवार-शनिवारची तेफिला (यहुदी प्रार्थना) चालवायची आहे, हजानची (प्रार्थना चालवणाऱ्याची) तयारी कुठून सुरू करावी?

मिन्यान_नऊ :

मुंबईतल्या बेने इस्राएलांच्या (मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या) एका छोट्या मशिदीत, म्हणजे सिनेगॉगमध्ये, कायमचा हजान नाही. नव्याच्या सणाला (रोश हशाना, यहुदी नववर्ष) साधारण पाच महिने आहेत. तोवर दोघातिघांनी मिळून शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा दिवस) चालवायचा असं ठरतंय. हिब्रू अक्षरं तिघांनाही येतात, वाचन मात्र अडखळत. हाताशी देवनागरीत उतरवलेल्या तेफिलांची जुनी वही आहे. गळा बरा आहे.

शिकायचा क्रम काय धरावा? सेफेर तोरा (तोराची हाती लिहिलेली गुंडाळी) वाचायला किती तयारी लागते? आणि कोणत्या चुका झाल्या की मागे जाऊन पुन्हा म्हणावं लागतं? चाली यूट्यूबवर ढिगानं आहेत, पण कुठे थांबायचं, कशासाठी थांबायचं, हे कुणी सांगत नाही.

---

जुनी_मशीद_गल्ली :

गळ्याचं शेवटी लिहिलंत ते बरं केलंत. त्याचा नंबरही शेवटचाच.

हजान हा 'शेलियाह त्सिबूर', म्हणजे जमातीनं पाठवलेला माणूस. ज्याला स्वतःला वाचता येत नाही त्याची तेफिला हजानच्या शब्दाला 'आमेन' म्हटल्यानं पुरी होते. म्हणून मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या काकांना प्रत्येक बेराखाचा (आशीर्वचनाचा) शेवट स्वच्छ ऐकू गेला पाहिजे. आमेन संपायच्या आत पुढची बेराखा सुरू करणं ही नवख्याची पहिली चूक. घाईत असतो, घाबरलेला असतो, आणि लोकांचं आमेन गिळून टाकतो.

क्रम असा धरा. आधी कादिश (देवाच्या नावाची स्तुती). तो बराचसा अरामी भाषेत आहे; हिब्रू बरं वाचणाराही 'यित्बाराख वेयिश्ताबाख' या रांगेत हमखास ठेचकाळतो, आणि कादिश एका सकाळीत कित्येकदा येतो. अर्धा कादिश रोज दहा वेळा मोठ्यानं, उभं राहून म्हणा. बसून पाठ केलेलं उभं राहिल्यावर आठवत नाही. मग बारेखू (जमातीला स्तुतीची हाक). मग शनिवारची अमीदा (उभ्यानं म्हणायची मुख्य तेफिला) कदुशासकट, म्हणजे 'पवित्र, पवित्र' या जपासकट. शब्बाथच्या अमीदात सातच बेराखा असतात, रोजच्यासारख्या एकोणीस नव्हेत, म्हणून शब्बाथपासून सुरुवात करणं सोपं. त्यानंतर शुक्रवारचं 'मागेन आवोथ', कारण शुक्रवारी रात्री अमीदा पुन्हा मोठ्यानं होत नाही, तिच्या जागी हे. 'लेखा दोदी' हे शब्बाथच्या स्वागताचं गाणं अगदी शेवटी शिकलात तरी चालेल. त्याची नऊ कडवी जमातीला तोंडपाठ असतात. हजान चुकला तरी गाडी आपोआप पुढे जाते.

वेळेचं बघा. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी. बाराही महिने 'पावणेसात'ची पाटी लावली की पावसाळ्यात सगळं जमतं, थंडीत मात्र मिनहाची (दुपारच्या तेफिलाची) वेळ टळून गेलेली असते. ऑफिसातून सुटून लोकलनं येणाऱ्यांची अडचण खरी आहे. पण मग हिवाळ्यात मिनहा ज्यानं त्यानं ऑफिसातच उरकून यावी आणि मशिदीत थेट काबालात शब्बाथपासून (शब्बाथच्या स्वागतापासून) सुरू करावं, हे आधी जाहीर करा.

आणखी एक. 'लेखा दोदी'च्या शेवटच्या कडव्याला, 'बोई बेशालोम'ला, लोक वळतात. काही सिदुरांत (प्रार्थनेच्या पुस्तकांत) पश्चिमेकडे वळा असं छापलेलं असतं. मुंबईहून जेरुसलेम पश्चिमेलाच, म्हणजे आपला हेखाल (सेफेर ठेवायचं कपाट) आधीच पश्चिमेच्या भिंतीत. आपल्या मशिदीत दाराकडे वळतात की वळतच नाहीत, ते जुन्या माणसांना विचारून ठेवा. नाहीतर हजान एका दिशेला आणि जमात दुसऱ्या दिशेला.

---

देवनागरी_सिदूर :

वहीबद्दल लिहितो, कारण खरा घोटाळा तिथे आहे.

देवनागरी लिप्यंतराची आपल्याकडे जुनी सवय आहे. १९व्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी तेफिलांची मराठी भाषांतरं केली, तेव्हापासून घराघरांत अर्थ कळू लागला. भाषांतर अर्थासाठी उत्तम. उच्चारासाठी वहीवर विसंबू नका.

'ह' एकच अक्षर आहे आपल्याकडे. हिब्रूत 'हे' (साधा ह) वेगळं आणि 'हेत' (घशातला ह) वेगळं. १५०व्या स्तोत्राच्या शेवटी 'तेहाल्लेल' म्हणजे स्तुती करो. तिथे घशातला हेत काढलात तर अर्थ होतो विटंबना करो. वहीत दोन्ही सारखेच दिसतात. वहीतल्या प्रत्येक हेतखाली पेन्सिलीनं टिंब द्या. एका संध्याकाळचं काम आहे, पण सिदूर शेजारी उघडा ठेवूनच करायचं.

'शेमा'त (देव एक आहे या कबुलीत) 'एहाद'चा, म्हणजे 'एक'चा, द जिभेवर टेकवून स्पष्ट काढायचा. तो र झाला तर 'अहेर' होतं, म्हणजे 'दुसरा'. देव एक आहे म्हणायच्या जागी देव दुसरा आहे. (लग्नाच्या आहेराचा विचार डोक्यात आला तरी हसू नका.)

एकाच अक्षरानं संपणारा शब्द आणि त्याच अक्षरानं सुरू होणारा शब्द जोडायचा नाही: 'बेखोल | लेवावखा', 'आल | लेवावखेम', 'एसेव | बेसादखा', 'वाआवादतेम | मेहेरा'. मधे केसाएवढी फट हवी. शेमात या जागा ठरलेल्या आहेत, सिदुरात रेघा मारून ठेवा.

'तिझकेरू' मधला झ 'जहाज'मधल्या ज सारखा दाबून काढा. तो स झाला की 'आठवण ठेवा'चं 'मोबदला मिळवा' होतं. हा आवाज मराठी जिभेला उपजत येतो, तेवढा एक फायदा.

आघाताचं मात्र आपलं दुखणं मोठं. मराठीत शब्दातला आघात हलला तरी अर्थ बदलत नाही, त्यामुळे कान तयार नसतो. हिब्रूत बहुतेक शब्दांचा जोर शेवटच्या अवयवावर. 'वेआहावता' म्हणताना जोर 'ता'वर. मधल्या 'हाव'वर टाकला तर भविष्याचा भूतकाळ होतो, 'तू प्रेम करशील'चं 'तू प्रेम केलंस'.

---

तिक्कून_उघडा :

सेफेर तोराचं मी सांगतो.

गुंडाळीत स्वर नाहीत, विरामचिन्हं नाहीत, वाचायच्या सुरांच्या खुणा, म्हणजे तआमीम, नाहीत. नुसती व्यंजनं. ३,०४,८०५ अक्षरं आणि स्वराचं एकही टिंब नाही. उदाहरण घ्या: हेत, लामेद, बेत ही तीन अक्षरं 'हालाव' वाचली तर दूध, 'हेलेव' वाचली तर चरबी. करडू आईच्या दुधात शिजवू नये या वचनात हाच शब्द आहे. दूध आणि मटण वेगळं ठेवणारी आपली सगळी स्वयंपाकघरं या एका स्वरावर उभी आहेत. म्हणून जो पाराशा (त्या आठवड्याचा भाग) वाचायचा तो आधी जवळजवळ पाठ असावा लागतो.

साधन एकच, तिक्कून. त्यात एका बाजूला स्वर-खुणांसह मजकूर आणि दुसऱ्या बाजूला गुंडाळीतल्यासारखा उघडा. खुणांच्या बाजूनं तीनदा म्हणा, मग उघड्या बाजूनं. अडलात की डावी-उजवी नजर टाकायची नाही. थांबून आठवा, नाहीच आठवलं तर ती ओळ पहिल्यापासून. फोनवर रेकॉर्डिंग लावून पाठ करणारे अनेक आहेत, पण त्यांना सूर येतो आणि अक्षर दिसत नाही. मधेच कुणी शिंकलं की जागा हरवते.

तुम्हा तिघांसाठी: शनिवारी सकाळी सात आलिया (वाचनाला बोलावणी) असतात. तो पूर्ण पाराशा म्हणजे नवख्याला डोंगर. नासो हा पाराशा तर १७६ पासुकांचा (वचनांचा) आहे. सुरुवात शनिवारच्या मिनहापासून किंवा सोमवार-गुरुवारपासून करा. तिथे तीनच आलिया, किमान दहा पासुक, आणि वाचायचा तो पुढच्या शनिवारच्या पाराशाचा पहिला भाग. म्हणजे एकदा केलेली मेहनत पुन्हा उपयोगी पडते. दहा पासुक सुरांसकट बसायला नवख्याला दोन ते तीन आठवडे धरा. मग सात आलिया तिघांत वाटून घ्या: ३, २, २. पाच महिन्यांत एवढं झालं तरी भरपूर. उरलेल्या शनिवारी बाहेरचा वाचणारा बोलवा. त्यात कमीपणा नाही.

तेब्यावर (वाचनाच्या चौथऱ्यावर) काय चुकतं ते पण ऐका.

गुंडाळी शुक्रवारी दुपारीच योग्य जागी फिरवून ठेवावी. शनिवारी सगळे उभे असताना दहा मिनिटं गुंडाळत बसणं म्हणजे जमातीला त्रास देणं, आणि तसं करू नये असा दंडकच आहे. रोश होदेश (महिन्याची सुरुवात) शनिवारी आला की दोन सेफेर लागतात, हनुक्काच्या (दिव्यांच्या सणाच्या) शब्बाथला रोश होदेश आला तर तीन. पंचांग आदल्या आठवड्यात बघा.

आपली सेफेर लाकडी पेटीत, तीकमध्ये, उभी राहते. आडव्या गुंडाळीसारखं वाकावं लागत नाही हे मे महिन्यात देवाचं देणं, कारण घामाचा थेंब चामड्यावर पडला तर शाई पसरते. तरी मनगटाला रुमाल बांधा. यादचं (वाचताना ओळ दाखवायच्या काठीचं) टोक अक्षरापासून किंचित लांब धरा. अक्षरावरून घासत नेलं तर वर्षानुवर्षांत त्याच रांगेतली शाई खरवडली जाते. उघड्या हातानं चामड्याला स्पर्श नाहीच.

पावसाळ्यात चामडं ओल धरतं, फुगतं, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात आकसतं, आणि वरची शाई तडकते. एक अक्षर तुटलं तरी ती सेफेर वाचायला बाद. वाचताना एखादं अक्षर संशयास्पद दिसलं, पुसट किंवा आकारानं दोन्ही वाटणारं, तर जुना नियम मोठा गोड आहे. अक्षरओळख असलेलं पण फार हुशार नसलेलं लहान मूल बोलवायचं आणि आजूबाजूचा मजकूर झाकून विचारायचं, हे कोणतं अक्षर? हुशार मूल अर्थावरून अंदाज बांधतं, म्हणून ते नको. मुलानं बरोबर वाचलं तर चालू ठेवा. चुकलं, किंवा अक्षर उघडच तुटलेलं असलं, तर दुसरी सेफेर काढा आणि जिथे थांबलात तिथून पुढे वाचा. दुसरी नसेल तर काय करायचं हे त्या शनिवारी ठरवू नका, आधीच जाणत्याला विचारून ठेवा.

पाऊस ओसरल्यावर सगळ्या गुंडाळ्या एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत सावलीत फिरवून घ्या. उन्हात नाही. हेखालात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिन्याला बदला. ठेवून विसरलेली पुडी काही कामाची नाही.

---

अगरीपाडा_नाका :

वरच्यांत एक राहिलं. आलियाला कोण आधी, हे विचारा. आपल्या बेने इस्राएलांत परंपरेनं कोहेन-लेवी (पुरोहित आणि त्यांच्या सहाय्यकांची घराणी) नाहीत, त्यामुळे सवयीनं कुणालाही पहिला बोलावतो. बाहेरचा पाहुणा आला, इस्राएलचा किंवा बगदादी यहुदी घरातला, तर तेब्यावर जाण्याआधी हळूच विचारायचं, 'कोहेन का?' तो असेल तर पहिली आलिया त्याची. आणि लेवी कुणी नसेल तर दुसरीही त्याच कोहेनला, बेराखा पुन्हा म्हणून. कोहेन नसला की अमीदात कोहानिमच्या आशीर्वादाचे पासुक हजाननं 'एलोहेनू वेलोहे आवोतेनू' म्हणून घ्यायचे, जमात उत्तर देते 'केन येही रात्सोन'.

मोजणी: मिन्यानसाठी (किमान दहा जणांच्या जमावासाठी) माणसं बोटानं 'एक, दोन' मोजू नयेत. 'होशिया एत आमेखा' या पासुकात बरोबर दहा शब्द आहेत, एकेका डोक्यावर एकेक शब्द म्हणा. नऊच भरले तर बारेखू नाही, कादिश नाही, कदुशा नाही, सेफेर उघडणं नाही. बाकी स्तोत्रं, शेमा, मनातली अमीदा चालतं. दहा असताना हजाननं अमीदा सुरू केली आणि मधेच कुणी निघून गेला, तर सहा उरले तरी ती पुरी करायची. तुमचं नाव बघून हे मुद्दाम लिहिलं.

पगाराचं पण बोलून घ्या. शब्बाथच्या कामाचा वेगळा मोबदला घेऊ नये, म्हणून 'दर शनिवारचे इतके' असं ठरवत नाहीत. महिन्याची एकच रक्कम, त्यात आठवड्याची तयारी, शिकवणी, मशिदीचं बाकी काम सगळं धरून.

---

बारा_सुरांचा :

चालींबद्दल थोडं वेगळं मत आहे. यूट्यूबवरच्या इस्राएली चाली उचलू नका असं मी म्हणेन. त्या वाईट आहेत असं नाही. पण जमातीला उत्तर देता येत नाही, मग हजान एकटा गातो आणि बाकीचे मोबाईल बंद असल्यामुळे छताकडे बघतात. मुंबईची जुनी चाल साधी आहे, एका सप्तकाच्या आत बसते, पंख्याच्या आवाजात पण मागे पोचते. शब्बाथला माईक नाही हे विसरू नका.

आपल्याकडे १८८०च्या सुमारास कीर्तनं सुरू झाली, अब्राहाम-योसेफची आख्यानं मराठीत. त्यातून एक खोड लागली आहे, भजनासारखी ओळ परत घ्यायची. कीर्तनात शोभतं. तेफिलात 'मोदीम मोदीम' असं दोनदा म्हणायला मिश्नातच (जुन्या नियमसंग्रहात) आणि 'शेमा शेमा'ला त्यावरच्या तालमुदातल्या चर्चेत मनाई आहे, दोन देवांना हाक मारल्यासारखं वाटतं म्हणून. कादिशमधले शब्दही चालीसाठी परत घेऊ नका. चाल लांब पडत असेल तर स्वर लांबवा, शब्द नाही.

---

मिन्यान_नऊ :

मोठं काम सोपं केलंत सगळ्यांनी. मागे जाण्याच्या चुकांचं राहिलं. आणि किद्दूशला (शब्बाथच्या पेल्यावरच्या बेराखाला) वाईन मिळत नाही, शरबत कसं करायचं? सणाला शोफार (फुंकायचं शिंग) कुणी वाजवायचा हेही ठरलेलं नाही.

---

जुनी_मशीद_गल्ली :

मागे जाण्याच्या दोनच चुका पाठ ठेवा, बाकीच्या सिदुरात छापलेल्या असतात.

एक, पाऊस. पेसाहपासून (वसंतातला सण) शेमिनी आत्सेरेतपर्यंत (शरदातला सण) 'मोरिद हाताल', दव पाडणारा. हिवाळ्यात 'माशिव हारुआह उमोरिद हागेशेम', पाऊस पाडणारा. हे ऋतू इस्राएलचे. त्यामुळे जुलैत बाहेर मिलन सबवे भरलेला असताना आपण दवाचं म्हणतो आणि जानेवारीच्या कोरड्या उन्हात पावसाचं. मुंबईकराची जीभ इथेच चुकते. उन्हाळ्यात 'गेशेम' म्हटलं गेलं आणि बेराखा संपवली नसेल तर 'अत्ता गिबोर'पासून (त्याच बेराखाच्या सुरुवातीपासून) पुन्हा, संपवली असेल तर अमीदा पहिल्यापासून. उलट, हिवाळ्यात 'ताल' म्हटलं तर मागे जायचं नाही. बदल झाल्यावर पहिले ३० दिवस 'काय म्हटलं आठवत नाही' असं झालं तर जुनंच म्हटलं असं धरायचं. यावर जुना तोडगा: बदलाच्या दिवशी ते वाक्य सलग ९० वेळा म्हणा. जिभेला वळण लागतं. पावसाची मागणी असलेली 'बारेख आलेनू' ही बेराखा ४ डिसेंबरच्या रात्रीपासून, काही वर्षी ५ डिसेंबरपासून, पण ती रोजच्या अमीदात. शब्बाथला तुमचा संबंध नाही.

दोन, नव्याच्या सणापासून दारफाळणीच्या सणापर्यंतचे (योम किप्पूर, उपासाचा दिवस) दहा दिवस. 'हाएल हाकादोश'ऐवजी (पवित्र देव) 'हामेलेख हाकादोश' (पवित्र राजा). विसरलात तर अमीदा पहिल्यापासून. सिदुरात त्या पानावर लाल चिठ्ठी चिकटवा, सणाआधीच, कारण सणाला चिकटवता येणार नाही.

---

देवनागरी_सिदूर :

शरबत: काळ्या मनुका पाव किलो, पाणी एक लिटर. मनुका पाण्याच्या सहाव्या हिश्शाहून कमी नकोत, नाहीतर 'बोरे पेरी हागेफेन' ही वाईनची बेराखा म्हणता येत नाही. मनुका चेपल्यावर ओल सुटली पाहिजे. पार सुकून खडखडीत झालेल्या घेऊ नका. धुऊन गुरुवारी रात्री भिजत घाला, शुक्रवारी दुपारी हातानं कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळा. साखर चवीपुरती, नाही घातली तरी गोड असतंच. मे-जूनमध्ये भांडं फ्रीजमध्येच भिजवा, बाहेर ठेवलं तर सकाळपर्यंत फसफसतं आणि लोक तोंड वाकडं करतात. पेला किमान ८६ मिलीलिटरचा, काठोकाठ भरलेला, आणि किद्दूश म्हणणाऱ्यानं त्यातला निम्म्याहून जास्त प्यायचा.

जाता जाता, मलिद्याला (गोड पोहे आणि फळांच्या आभाराच्या विधीला) बोलावलं तर बेराखा अशा: खजूर 'पेरी हाएत्स' (झाडाचं फळ), केळं 'पेरी हाअदामा' (जमिनीचं फळ). केळीला आपण झाड म्हणतो म्हणून केळ्यावरही 'हाएत्स' म्हणून टाकतात. केळ दरवर्षी खोडासकट मरते, ती झाडात धरत नाहीत.

---

तिक्कून_उघडा :

शोफार ज्याला श्वास आहे त्यानं, हजाननंच वाजवावा असं नाही. उलट मुसाफ (सणाची जादा तेफिला) चालवणाऱ्यानं न वाजवलेला बरा, ओठ सुजतात आणि शब्द फुटत नाहीत.

बसून ऐकायचे आवाज ३० : तेकिया-शेवारिम-तेरुआ-तेकिया तीनदा (१२), तेकिया-शेवारिम-तेकिया तीनदा (९), तेकिया-तेरुआ-तेकिया तीनदा (९). तेकिया म्हणजे एक सलग आवाज, शेवारिमचे तीन तुकडे, तेरुआचे किमान नऊ ठोके. नवखा तेकिया आखूड सोडतो. मधला आवाज जितका लांब तितकी दोन्ही बाजूंची तेकिया हवी, म्हणजे सगळ्यात लांब तेकिया पहिल्या १२मध्ये. कुणीतरी बाजूला उभं राहून प्रत्येक आवाजाचं नाव हळू सांगावं, वाजवणाऱ्याला मोजणी जमत नाही.

सराव सणाआधीच्या एलुल महिन्यात, पहाटेच्या सेलिहोथनंतर (क्षमेच्या प्रार्थनांनंतर) रोज पाच मिनिटं. जास्त नाही. ओठाच्या उजव्या बाजूनं. मुंबईच्या दमटपणात शिंगाच्या आत पाणी साठून आवाज घोगरा येतो. वाजवून झाल्यावर उलटं धरून झटका, मग कोरड्या जागी टोक खाली करून ठेवा. वास येत असेल तर पाण्यात थोडा व्हिनेगर घालून खळबळा. शिंगाला लांबीच्या दिशेनं चीर दिसली तर ते वापरूच नका, फेविक्विक लावून भागत नाही. सणाचा पहिला दिवस शनिवारी आला तर त्या दिवशी शोफार नाही, फक्त दुसऱ्या दिवशी.

दारफाळणीला जो उभा राहणार त्यानं आठवडाभर आधी चहा कमी करत न्यावा. रोज सहा कप घेणाऱ्याचं डोकं उपासात दुपारी बाराला ठणकायला लागतं, आणि नेइला (त्या दिवसाची शेवटची तेफिला) संध्याकाळी असते. 'कोल निद्रे' (उपास सुरू होतानाची तेफिला) तीनदा म्हणतात. पहिल्यांदा खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखं. पहिल्यांदाच वर चढलात तर तिसऱ्यांदा जायला जागा राहत नाही.